घड्याळ सहा आकडी, पट्टा साडेतीनशेचा

गेल्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात, कर्वे पुतळ्याचा सिग्नल, वरून धो धो पाऊस, अंगात निळा रेनकोट आणि मी सवयीने डाव्या मनगटाला हात लावला तर मनगट मोकळं. बाहीवरून चाचपलं, काही नाही. पोटात असा गोळा आला म्हणून सांगू. मागचे हॉर्न मारतायत, मी गाडी ढकलत ढकलत कडेला घेतली आणि हेल्मेटसकट वाकून त्या गढूळ पाण्यात बघायला लागलो, जसं काही ते तिथे वर तरंगतच असणारे. आणि वाकताना हात खाली गेला तसं बाहीच्या आत कोपराकडून काहीतरी गार, जड घरंगळत आलं आणि मनगटापाशी रेनकोटच्या इलॅस्टिकला अडकून थांबलं.

माझं घड्याळ, ओमेगा स्पीडमास्टर. पट्ट्याची एक बाजू सुटलेली, दुसरी अजून लटकलेली. काचेवर ओरखडासुद्धा नाही.

मी तिथेच एका बंद दुकानाच्या शटरखाली दहा मिनिटं नुसता उभा होतो. गंमत म्हणजे त्या दिवशी घड्याळाला लावलेला पट्टा माझ्याकडचा सगळ्यात चांगला पट्टा होता, चांगले अकराशे रुपये मोजून घेतलेला, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. गेली होती ती पिन. पट्ट्याला आणि घड्याळाला जोडणारी ती दीड मिलिमीटरची काडी. त्याआधीचे चार महिने मी पट्टा पट्टा करत अख्खं पुणं, थोडी मुंबई आणि अर्धं इंटरनेट पालथं घातलं होतं आणि या काडीचा एकदाही विचार केला नव्हता.

तर आता पहिल्यापासून सांगतो.

घड्याळ मी सेकंडहँड घेतलंय. दुबईतल्या एका मित्राला त्याचं विकायचं होतं, २०१६ चं मॉडेल, हाताने चावी द्यायचं, प्लास्टिकच्या काचेचं, म्हणजे ज्याला मूनवॉच म्हणतात ते. त्याचं स्टीलचं ब्रेसलेट त्याने कधीतरी वेगळं विकून टाकलं होतं आणि घड्याळ कंपनीच्या काळ्या चामडी पट्ट्यावर होतं, म्हणून मला जरा स्वस्तात मिळालं. स्वस्तात म्हणजे तरी सहा आकडी. आमच्या घरी त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही, एवढंच सांगतो की बायकोने माझ्याकडे एक वाक्य मागून घेतलं, की यापुढे या घड्याळावर एक रुपया खर्च करणार नाही. मी ते दिलं. त्या वेळी मला खरंच वाटलं होतं की आता खर्च कसला राहिलाय.

मार्चमध्ये पट्टा गेला. आधी बकलच्या बाजूचं दुसरं भोक लांबलं, मग त्यातून चीर पडली, आणि वास तर आधीपासूनच होता. पुण्याचा उन्हाळा, टू व्हीलर आणि माझा घाम, त्यात चामडं किती टिकणार. शोरूममध्ये गेलो, त्यांनी पाणी विचारलं, कॉफी विचारली, मग कॉम्प्युटरमध्ये बघून मगरीच्या कातड्याच्या पट्ट्याचा जो आकडा सांगितला त्यात आमच्या घरातला नवा फ्रिज आला असता. आणि बकल वेगळं. मी 'बघून कळवतो' म्हणालो आणि कॉफी अर्धी टाकून निघालो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते हेच, फक्त इथे शेपटाचीच किंमत ऐकून हत्तीवाला पळाला.

मग लक्ष्मी रोड. तिथल्या एका बोळात घड्याळाचं छोटं दुकान आहे, काउंटरच्या काचेखाली पट्ट्यांच्या रांगाच्या रांगा, बसलेले काका साधारण सत्तरीचे. मी घड्याळ काढून दिलं, त्यांनी डोळ्याला भिंग न लावता नुसतं हातात तोललं आणि म्हणाले, "वीसचा बेल्ट लागेल. लेदर देऊ का रेक्झिन?" ओमेगाबद्दल एक शब्द नाही. मला खरं तर जरा वाईटच वाटलं. पण आता विचार करतो तर पूर्ण शोधातला सगळ्यात कामाचा शब्द तोच होता, वीस.

कारण पट्ट्याला ब्रँड नसतो, माप असतं. घड्याळाला वर दोन आणि खाली दोन असे जे कान असतात, ज्यांना लग्ज म्हणतात, त्या दोन कानांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. स्पीडमास्टरला ते २० आहे आणि २० हे सगळ्यात जास्त मिळणारं माप आहे. म्हणजे सहा आकडी घड्याळाला आणि दोन हजारांच्या घड्याळाला तोच पट्टा बसतो. ऑनलाइन शोधताना 'ओमेगा स्पीडमास्टरचा पट्टा' असं टाकलं तर एक किंमत येते आणि '२० एमएम पट्टा' टाकलं तर निम्मी किंमत येते, वस्तू बऱ्याचदा एकच, फोटोसुद्धा एकच. आणि नावाने शोधलं की दुसरा एक प्रकार येतो, बकलवर ओमेगाचं चिन्ह कोरलेले नकली पट्टे. ते मी घेतले नाहीत. खऱ्या घड्याळाला खोटं बकल म्हणजे घड्याळावरच लोकांना शंका. साधं, कोरं बकल असलेला पट्टा हजारपट बरा दिसतो.

मापाबद्दल अजून एक, शाळेतल्या पट्टीने मोजू नका. माझं १९ आलं होतं, कारण पट्टी दोन कानांच्या आत नीट बसतच नाही. दीडशे रुपयांचं प्लास्टिकचं व्हर्नियर मिळतं, तेवढं घ्या. १९ चा पट्टा २० ला लावला तर दोन्हीकडे फट दिसते आणि पट्टा पिनवर इकडेतिकडे सरकत राहतो, आणि २१-२२ चा कोंबला तर कडा चुरगळतात. १९६४ च्या बाँडपटात शॉन कॉनरीच्या रोलेक्सला चक्क अरुंद पट्टा आहे, दोन्ही बाजूंना पिन उघडी दिसते. तो बाँड होता म्हणून खपलं.

रुंदीइतकीच लांबी महत्त्वाची आणि ती कोणीच बघत नाही. पट्ट्यावर ११५/७५ किंवा १२०/८० असं लिहिलेलं असतं, म्हणजे भोकांचा तुकडा ११५ मिलिमीटर आणि बकलचा ७५. माझं मनगट साडेसोळा सेंटिमीटर, म्हणजे बारीकच, मला १२०/८० घातला तर बकल मनगटाच्या मधोमध न येता करंगळीच्या बाजूला सरकतं आणि शेपूट अर्ध्या हाताला वळसा घालून येतं.

तर काकांनी 'प्युअर लेदर'चा तपकिरी पट्टा अडीचशेला दिला. जुना पट्टा काढला, त्याच्या पिना काढल्या, त्यांच्याकडे एक जुनी काजळाची डबी होती पत्र्याची, त्यात टाकल्या, आणि त्याच डबीतून बोटाने चाळून दोन दुसऱ्या पिना उचलून नव्या पट्ट्यात घातल्या. मी बघत होतो. अगदी समोर बघत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण माझं सगळं लक्ष तपकिरी रंग काळ्या डायलला कसा दिसतोय याकडे. दोन मिनिटांत काम झालं, काका म्हणाले "झकास दिसतंय", मीही म्हणालो झकास.

पट्टा पाच आठवडे टिकला. आधी पांढऱ्या शर्टच्या कफला तपकिरी डाग, मग वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि आत निघाला तो कागदाचा लगदा दाबून केल्यासारखा करडा पुठ्ठा. चामड्याचा भुसा गोंदात मिसळून त्याचे तक्ते दाबतात आणि वरून प्लास्टिकचा थर देऊन त्यावर चामड्याची नक्षी उठवतात, तो प्रकार. 'जेन्युइन लेदर' हा शिक्का बघून भुलायचं नाही हे मला तेव्हा कळलं, त्या शिक्क्याला तळातल्या थराचं हलकं चामडंही चालतं. चांगल्या मालावर 'फुल ग्रेन' किंवा 'टॉप ग्रेन', म्हणजे कातड्याच्या वरच्या थराचं, असं लिहितात, पण लिहायला काय, कोणीही लिहील. मी आता पट्ट्याची कड बघतो. कडेला रंगाचा जाड लेप दिला असेल तर आत काय आहे ते लपवलेलं असू शकतं, आणि भोकाच्या आत नखाने जरा उचकटलं की तंतू दिसतात का पुठ्ठा ते कळतं. दुकानदार रागावतात. रागावू देत.

मग मी ऑनलाइन घुसलो. आधी घड्याळवाले लोक सगळं अलीएक्सप्रेस या चिनी खरेदीच्या साइटवरून मागवायचे म्हणे, पण ते आपल्याकडे २०२० च्या नोव्हेंबरात बंद झालं, त्यामुळे आता इथलेच विक्रेते तोच माल आणून दुप्पट-तिप्पट किमतीला विकतात. माझा एक चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला मी तुला मगरीचा चांगला पाठवतो, इथे सेलमध्ये आहे. त्याला नको म्हटलं. मगरीच्या कातड्याच्या वस्तू देशाबाहेर पाठवायला CITES या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात, ते नसतील तर कस्टम्सवाले अडकवून ठेवू शकतात, आणि मी एका पट्ट्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कागदपत्रांत शिरायला तयार नाही. बायकोला काय सांगणार?

उन्हाळा-पावसाळ्यासाठी रबर घ्यायचं ठरवलं. इथेही दोन जाती आहेत, सिलिकॉन आणि एफकेएम. सिलिकॉन मऊ, स्वस्त, तीनशे-चारशेला मिळतं, पण घरातली सगळी धूळ, कापूस, मांजराचे केस चुंबकासारखे ओढून घेतं आणि तासाभरात हातावर एखादं फडकं बांधल्यासारखं दिसतं. एफकेएम म्हणजे फ्लोरिनवालं रबर, गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या सीलमध्ये वापरतात ते, तेल, घाम, ऊन कशाने फार बिघडत नाही, धूळ चिकटत नाही, हाताला कोरडं, थोडं जड लागतं. पहिल्यांदा मी एफकेएम म्हणून जो मागवला तो सिलिकॉन निघाला, चादरीवर एकदा घासला आणि उचलला तर पांढरा. परत केला. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून अकराशेचा घेतला तो खरा निघाला आणि तो आजही अगदी नव्यासारखा आहे. पिना त्याच, काजळाच्या डबीतल्या, कारण नव्या पट्ट्याबरोबर ज्या आल्या होत्या त्या मला जास्त बारीक वाटल्या म्हणून मी जुन्याच घातल्या. हुशारी बघा.

मध्येच एक चामड्याचा प्रयोगही झाला, आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यात अंबाबाईला गेलो होतो तेव्हा कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये शिरलो. डोक्यात अशी कल्पना की आपलं कोल्हापुरी कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, क्रोमियम वगैरे काही नाही, त्याचा घड्याळाचा पट्टा काय दिसेल! त्याच साली ते मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या चपला आणि कोल्हापुरीचं प्रकरण गाजायचं होतं, म्हणजे मी काळाच्या एक महिना पुढे होतो. एका दुकानातल्या मामांनी माझं घड्याळ बघितलं, मनगट बघितलं, तळाच्या चामड्याचा एक तुकडा काढून माझ्या हातावर वाकवून दाखवला. वाकलाच नाही. "आवो, ह्ये चालून चालून पायाच्या वजनानं मऊ व्हतंय," म्हणाले, "तुमी काय हातावर चालणार हाय का?" मग मी एक जोड चपला घेतल्या आणि परत आलो.

खरा चामडी पट्टा मिळाला धारावीत. कामासाठी मुंबईला गेलो होतो, सायन स्टेशनवरून चालत लिंक रोडच्या चामड्याच्या दुकानांकडे गेलो, बॅगा, जॅकेटं, बेल्ट सगळं मांडलेलं. चार दुकानांनी घड्याळाचं काम करत नाही म्हणून सांगितलं, पाचव्याने मागच्या गल्लीत माळ्यावर एकाकडे पाठवलं. शिडीवजा जिना, वर एक खिडकी, एक शिलाई मशीन आणि साताऱ्याकडचे एक दादा, माझ्याच वयाचे असतील. मी बरोबर तो कंपनीचा फाटलेला पट्टा नमुना म्हणून नेला होता. त्यांनी विचारलं, "फाडू का? मगच बरोबर माप येईल." एक क्षण जीव वर-खाली झाला, पण म्हटलं फाडा.

ब्लेडने शिवण उसवली आणि पट्टा पुस्तकासारखा उघडला. वर मगरीच्या खवल्यांचा पातळ थर, खाली अस्तराचं मऊ चामडं, आणि मध्ये पांढरट भरणी, जिच्यामुळे पट्टा मधोमध फुगीर दिसतो. दादांनी तिन्ही थर बोटांनी वेगळे करून पाट्यावर मांडले. "वरचं सोडलं तर बाकी आम्ही बॅगेच्या हँडलला करतो तेच आहे, साहेब." मग त्याच तुकड्यांवरून पेन्सिलीने बाहेरची रेघ मारून वरून म्हशीचं चामडं कापलं, अस्तराला बकऱ्याचं, ते मऊ असतं आणि घामाला जरा बरं. कडा चाकूने तिरप्या तासल्या, म्हणजे घडीपाशी जाडी वाढत नाही. पिनसाठी जो बोगदा करतात तिथे त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, "पिन कुठली, बारीक का जाड?" मी म्हणालो जी आहे ती. त्यांनी माझी पिन काढून हातात धरली, टोकं दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं, पण काही बोलले नाहीत. की मला ऐकू आलं नाही, खाली कोणाचं तरी ग्राइंडर चालू होतं.

दोन तास लागले, तेवढ्यात मी खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले. जुन्या पट्ट्याचंच बकल काढून बसवून दिलं, नऊशे रुपये घेतले. बकलच्या बाजूला रुंदी १८ ठेवायची हे त्यांनी न सांगता केलं. ऑनलाइन घेताना हे विसरू नका बरं का, २० चे काही पट्टे बकलपाशी १६ होतात, काही सरळ २० च राहतात, आणि तुमच्याकडे कंपनीचं बकल असेल तर ते त्यात बसणार नाही. माझ्या घड्याळावर आजवर लागलेल्या पट्ट्यांत दिसायला सगळ्यात सुंदर हाच आहे. एक शिवण किंचित वाकडी आहे, ती मला आवडते.

आणि मग पावसाळा लागला म्हणून धारावीचा पट्टा कपाटात गेला, रबर हातावर आलं, आणि तो सिग्नल.

त्या रात्री घरी येऊन मी पिन टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितली. ही पिन म्हणजे एक बारीक नळी असते, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना बाहेर डोकावणारी टोकं. टोकं आत दाबायची, कानांच्या मध्ये बसवायची, सोडली की ती स्प्रिंगच्या जोरावर कानांच्या आतल्या बारीक भोकात जाऊन बसतात. बस, एवढ्यावर ते घड्याळ तुमच्या हातावर असतं. दोन टोकं, प्रत्येकी साधारण एक मिलिमीटर. माझ्या पिनचं एक टोक आत दबलं की बाहेरच येत नव्हतं, घामाच्या मिठाने आत गंज धरलेला, आणि दुसरं इतकं झिजलेलं की भोकात टेकल्यासारखं करत होतं फक्त. काजळाच्या डबीत ती किती वर्षं होती आणि त्याआधी कोणाच्या हातावर, कोण जाणे. आणि माझ्या मूळच्या पिना त्या डबीत राहिल्या. अडीचशेच्या पट्ट्यासोबत मी त्या देऊन आलो. नंतर विचारायला गेलो होतो, काकांनी डबीच पुढे केली, "घ्या तुमच्या तुम्ही शोधून." शंभरेक पिना होत्या. पाच मिनिटं चाळल्या आणि हसू आलं, म्हटलं राहू दे.

तर माझं आता सरळ म्हणणं असं आहे की पट्टा कितीही स्वस्त घ्या, तो फाटला तर फाटताना दिसतो, आठवडाभर आधी चीर पडते, रंग उडतो, तो सांगून जातो. पिन सांगत नाही. चांगल्या स्टीलच्या १.८ मिलिमीटर जाडीच्या पिनांचं आठचं पाकीट मी सव्वातीनशेला घेतलं, म्हणजे जोडीला ऐंशी रुपये. प्रत्येक पट्टा बदलताना टोक नखाने दाबून बघायचं, सटकन बाहेर यायला पाहिजे. बसवताना दोन्हीकडे 'टक' असा आवाज येतो, नाही आला तर बसलेली नाही. मग घड्याळ गादीवर धरून पट्ट्याला दोन्हीकडून चांगला हिसका द्यायचा, गादीवर, फरशीवर नाही. आणि दर पावसाळ्याआधी पिना बदलायच्या, रिक्षाच्या एका फेरीएवढा खर्च आहे. हल्ली क्विक रिलीजच्या पिना असतात, मागे छोटी खुंटी असते, ती ओढली की पट्टा सुटतो, अवजार लागत नाही. सोयीच्या आहेत, मीही एका पट्ट्याला वापरतो, पण जड घड्याळाला त्या जरा बघून घ्या, बहुतेक दीड मिलिमीटरच्याच असतात.

अवजाराचं म्हणाल तर स्वित्झर्लंडच्या बर्जेऑनचं येतं, उत्तम असतं म्हणे, मी दीडशेवालं देशी घेतलंय, एका टोकाला दोन दातांचा बारीक काटा. त्याने पिनेची कड पकडून दाबायची. काटा सटकला की थेट कानाच्या पॉलिशवर रेघ उठते, म्हणून आधी कानांच्या आतबाहेर सेलोटेप चिकटवायची. मी पहिल्या वेळी चिकटवली नाही. रेघ आहे. दाखवणार नाही.

आता शीर्षकातल्या साडेतीनशेकडे येतो. त्या प्रकारानंतर मी बाहेर जाताना घालतो तो नायलॉनचा नाटो पट्टा. हा मुळात ब्रिटिश संरक्षण खात्याचा, १९७३ च्या त्यांच्या एका मानकातला, करड्या रंगाचा, २० मिलिमीटर रुंद. सैनिकांना तो मिळवायला जी१०९८ नावाचा फॉर्म भरावा लागायचा म्हणून त्याला जी-१० पण म्हणतात. त्याची गंमत अशी की तो एकाच लांब पट्टीचा असतो, दोन्ही पिनांच्या मागून, घड्याळाच्या पाठीखालून ओवला जातो. म्हणजे एक पिन निघाली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर पट्ट्यात लटकत राहतं, हातावरून पडत नाही. कर्वे पुतळ्याला माझ्या हातावर हा असता तर मला रेनकोटचे आभार मानायची वेळ आली नसती. घाम लागला, धुतला, दोरीवर वाळत घातला. तोटा एवढाच की पट्ट्याचा थर पाठीखाली आल्याने घड्याळ थोडं उंच बसतं, आणि स्पीडमास्टर आधीच जाड, त्यामुळे फुल शर्टाच्या कफात शिरत नाही. जाड पिनांवर ओवताना जरा घट्टही जातो, टोक तिरपं करून सरकवा.

ऑफिसमध्ये एकाने विचारलंच, "ओमेगाला हा असला पट्टा?" त्याला मी जे सांगितलं ते इथे पण सांगतो, कारण हे माझं आवडतं उत्तर आहे. नासाने १ मार्च १९६५ ला हे घड्याळ अंतराळवीरांसाठी मान्य केलं आणि १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते घालून चंद्रावर उतरला, तेव्हा ते मगरीच्या कातड्यावर नव्हतं आणि स्टीलच्या ब्रेसलेटवरही नव्हतं. वेल्क्रो होतं. चड्ड्यांच्या खिशाला आणि लहान मुलांच्या बुटांना असतं तेच चर्रकन उघडणारं वेल्क्रो, लांबलचक पट्टी, कारण ती स्पेससूटच्या जाड बाहीवरून बांधायची होती. वेल्क्रो पण एका स्विस माणसानेच शोधलंय, कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बिया बघून. (आर्मस्ट्राँगने त्याचं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण यानातलं घड्याळ बिघडलं होतं. म्हणजे तिथेही भिंतीवरचं बंद पडलं की हातातलं टांगायचं, आपल्यासारखंच.) तो सहकारी म्हणाला, "बरं बरं," आणि चहाला गेला.

हिशोब सांगायचा तर लक्ष्मी रोडचे अडीचशे, रबराचे अकराशे, धारावीचे नऊशे, नाटो साडेतीनशे, पिना सव्वातीनशे, अवजार आणि व्हर्नियर मिळून तीनशे. सव्वातीन हजारांच्या आत सगळं. कोल्हापुरी चपला मी यात धरलेल्या नाहीत. बायकोने धरल्या आहेत.

गेल्या रविवारी बाबा आले होते. त्यांच्या हातावर एचएमटी जनता असते, देवनागरी आकड्यांची, नोकरीला लागल्यावर घेतलेली, पट्ट्याच्या जागी सध्या ताणायची स्टीलची चेन, जी त्यांच्या मनगटाचे केस उपटते आणि त्यावर ते रोज एकदा तरी चिडतात. मी माझं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. ते त्यांनी उचललं, डायलकडे ढुंकूनही बघितलं नाही, उलटं केलं, नाटो पट्ट्यावरून अंगठा फिरवला, ओढून बघितला.

"धुता येतो?"

"हो, साबणाने."

"केवढ्याला?"

सांगितलं. त्यांनी हातातली एचएमटी काढली, मी व्हर्नियर आणलं, मोजलं. अठरा. करड्या रंगाचा नको म्हणाले, चपराशाच्या युनिफॉर्मसारखा वाटतो, निळा मिळतो का बघ. मागवलाय, गुरुवारी येतोय. नव्या पिना पण.